वरून तिसरं, मग निळं

शनिवारी दुपारी बायकोचा हॉस्पिटलमधून फोन आला आणि मी "हो, करतो" म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत. (लग्नही असंच झालं. पण ते संकट नव्हे, हे मी इथे लेखी नमूद करून ठेवतो, कारण ती हे वाचणार आहे.)

काम अगदी साधं होतं, पण ते समजायला आमच्या घरचा शनिवार समजून घ्यावा लागेल. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. चार माणसं बसतात, फासे टाकतात आणि आपण कोणीतरी भलतेच आहोत असं धरून बोलतात. सासूबाई गोष्ट सांगतात आणि पंचही त्याच. त्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर लोक बागकामाकडे वळतात, त्या राक्षसांकडे वळल्या. आमचे दातांचे डॉक्टर खेळात चोर असतात, कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलचे सर जादूगार असतात, आणि माझी बायको असते कुऱ्हाडवाली.

बायको खऱ्या आयुष्यात पाच फुटांची आहे, चपला लहान मुलांच्या कप्प्यातून घेते आणि वॉर्डमध्ये सिस्टर आहे. कुऱ्हाडवाली साडेसहा फुटांची. तिच्या खांद्यावर दाराएवढी कुऱ्हाड. तिची ताकद, तिच्या जखमा, तिची हत्यारं, सगळं एका अ‍ॅपमध्ये साठवलेलं असतं. कॅरेक्टर बनवायचं आणि वाढवायचं ते अ‍ॅप. बायकोने तीन वर्षं खपून ही बाई वाढवली होती. मी त्यात कधी पडलो नाही. माझं काम चहा आणि बिस्किटं आणणं आणि कोणी मेलं तर वाईट वाटल्याचा चेहरा करणं.

तर त्या शनिवारी शेवटची लढाई होती. कुऱ्हाडवालीला नवीन लेव्हल मिळाली होती आणि ती अ‍ॅपमध्ये चढवायची राहिली होती. बायकोची ड्युटी संपून ती थेट खेळायला बसणार, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "कॉम्प्युटर उघडा. डावीकडच्या मेनूत वरून तिसरं. मग खाली निळं बटण. काही विचारलं तर हो म्हणा. बाकी कशालाही हात लावू नका."

आता माझा स्वभाव सांगतो. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आवक-जावक बघतो. साहेब म्हणतात, "दुसरं कपाट, तिसरा कप्पा, डावीकडची फाईल," आणि मी ती आणतो. फाईलवर काय लिहिलंय हे वाचणारा कारकून आमच्याकडे आगाऊ समजला जातो. जागा बघायची आणि वस्तू उचलायची, एवढ्यावर माझी नोकरी सुरळीत चालली आहे. त्यामुळे वरून तिसरं, मग निळं, मग हो, हे ऐकून मला जरा गहिवरूनच आलं. घरात प्रथमच कोणी मला माझ्या भाषेत काम सांगत होतं.

अ‍ॅप उघडलं तर समोर रंगीत पाटी. आम्ही बदललो आहोत, तुमच्या सोयीसाठी मेनू नव्याने मांडला आहे, वगैरे. मी ती पाटी बंद केली. सोयीसाठी केलेले बदल वाचायचे नसतात, सोसायचे असतात, हे मी ऑफिसात शिकलोय. वरून तिसरं दाबलं. एक लांबलचक यादी आली, तिकडे मी बघितलंही नाही. खालचं निळं दाबलं. नक्की का, असं विचारलं. हो म्हणालो. परत विचारलं, अगदी नक्की का? एवढ्या शंका आमचे ऑडिटरही काढत नाहीत. मी ठणकावून हो म्हणालो.

पडद्यावरून कुऱ्हाडवाली गेली. तिच्या जागी गुडघ्याएवढी एक बाई उभी राहिली. कुरळे केस, बशीएवढे कान, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तिला कोणी आत्ताच खाऊ दिला असावा. खाली सूचना होती: वंश बदलला आहे, नवी उंची अडीच फूट. आणि त्याखाली: या उंचीला कुऱ्हाड झेपत नसल्याने ती कोठारात जमा करण्यात आली आहे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी जिथे लेव्हल वाढवायची सोय होती तिथे आता वंश बदलायची सोय होती, आणि लेव्हल कुठेतरी एका दातेरी चाकाच्या चित्रात जाऊन बसली होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की बायकोने तीन वर्षं वाढवलेली बाई मी चार क्लिकमध्ये चार फुटांनी कमी केली.

बायकोला फोन लावला. दुपारची सुट्टी सोडली तर ड्युटीवर तिचा फोन लॉकरमध्ये असतो. तो लॉकरमध्ये वाजत राहिला.

मग मी विचार केला. (इथेच चुकलं. मला विचार करायला सांगितलं नव्हतं.) ज्या बटणाने बदललं त्याच बटणाने परत बदलेल, हे तर लहान पोरालाही कळतं. म्हणून मी पुन्हा वरून तिसरं दाबलं, निळं दाबलं, हो म्हणालो. पण या नव्या मेनूत एक हुशारी घातलेली होती. तुम्ही जे वापराल ते आपोआप सगळ्यात वर जायचं आणि बाकीचे खाली सरकायचे. म्हणजे वंश पहिल्या नंबरावर गेला होता आणि तिसऱ्या नंबरावर येऊन बसला होता पेशा. बुटक्या बाईच्या अंगावरचं चिलखत गळून पडलं, पिसांची टोपी आली आणि हातात एक तारांचं वाद्य आलं. योद्धा आता गायिका झाला आहे, अभिनंदन, असं खाली आलं.

माझं धाबं दणाणलं. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी तिसऱ्यांदा तिसरं दाबलं.

या वेळी निदान एक फॉर्म आला. फॉर्म बघून मला आधार वाटला. नाव विचारलं, मी माझं नाव लिहिलं, आडनावासकट. व्यवसाय, कारकून. विशेष गुण, सांगितलेलं काम करणे. शौर्य या रकान्यात काय लिहावं कळेना, पण रकाना रिकामा सोडणं माझ्या रक्तात नाही, म्हणून लागू नाही असं लिहिलं. वाटलं, तक्रार नोंदवायचा फॉर्म असणार. हो म्हणताच पडद्यावर फासे घरंगळले आणि बुटक्या गायिकेच्या शेजारी खांदे पाडलेला एक माणूस येऊन उभा राहिला. सोबती जोडला आहे. ताकद तीन, बुद्धी दोन. दोन्ही वीसपैकी. शेपूट नव्हतं, एवढीच काय ती मेहरबानी.

मी ड्रायव्हिंगच्या सरांना फोन लावला. ते गाडीत शेजारी विद्यार्थी घेऊन बसले होते.

"सर, त्या अ‍ॅपचा मेनू बदललाय."

"माहितीये. म्हणून मी सकाळपासून काहीच दाबलेलं नाही. तुम्ही?"

काय काय दाबलं ते मी सांगितलं. पलीकडे ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला.

"आता काय करू, सर?"

"आधी हात काढा," सर म्हणाले. "दोन्ही."

हात काढून मी खुर्चीत बसून राहिलो. बायको आली तेव्हाही तसाच होतो. तिने पर्स खांद्यावरून उतरवलीही नाही, तशीच पडद्यासमोर उभी राहिली आणि बघतच राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ही कोण?"

"तीच," मी म्हणालो. "जरा लहान."

"आणि हा?"

त्याचं नाव खाली लिहिलेलंच होतं. तिने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. तुम्ही वरून तिसरं म्हणाला होतात असं काहीतरी मी पुटपुटलो. घाबरलो की मी बायकोला अहो-जाहो करतो.

"दिवसभर मी सगळ्यांचं ऐकून घेते," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांचं, पेशंटचं, पेशंटच्या मामेभावाचं. शनिवारी तेवढे तीन तास मला कोणी जागचं हलवू शकत नव्हतं."

मला फार वाईट वाटलं. चेहरा करावा लागला नाही, तो आपोआप झाला. तिने दोन-चार ठिकाणी दाबून बघितलं, पण एकदा पेशा बदलला की वंशाला कुलूप लागायचं आणि सोबती जोडला की पेशाला. माझ्या हातून कामं अगदी योग्य क्रमाने झाली होती.

तेवढ्यात सासूबाई आल्या, पाठोपाठ दातांचे डॉक्टर आणि सर. सासूबाईंचा एक नियम आहे: खेळ सुरू होताना अ‍ॅपमध्ये जे दिसेल तेच खरं. मागे डॉक्टरांनी स्वतःच्या चोराला गुपचूप एक घोडा देऊन टाकला होता, तेव्हापासूनचा. डॉक्टरांनी त्यांची विनवणी केली, आज तेवढी सूट द्या म्हणाले. सरही म्हणाले की चूक खेळाडूची नाही, तिच्या घरच्यांची आहे. सासूबाईंनी पडदा बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि माझ्याकडे मुळीच बघितलं नाही.

"उत्तर चुकलं तर जवळपास बरोबर म्हणून मी कधी कुणाला मार्क दिले नाहीत," त्या म्हणाल्या. "बसा."

खेळ सुरू झाला. चहा देऊन मी रिकामा ट्रे घेऊन दाराशी उभा राहिलो, आत बसायची हिंमत नव्हती. चौघं पुलापाशी पोचले. (सोबती धरून चौघं. मला तेवढंच बरं वाटलं.) पुलावर राक्षस होता, डोकं ढगात आणि पाय पुलावर जेमतेम मावलेले. याच्याशीच शेवटची लढाई, आणि कुऱ्हाड कोठारात. सरांची जादू त्याच्या घोट्याला गुदगुल्या करून परत आली. डॉक्टरांचा चोर एका फुंकरीत झुडपात जाऊन पडला. बायकोने तिचं वाद्य वाजवलं, तर तिचा फासा इतका वाईट पडला की राक्षसाने कान झाकले आणि आणखी चिडला.

मग राक्षस म्हणाला, म्हणजे सासूबाई म्हणाल्या, की तुमच्यातला एक जण मला कायमचा द्या, बाकीच्यांना सोडतो. "हा निर्णय अवघड आहे," त्या म्हणाल्या. "हवा तेवढा वेळ घ्या."

"हा घ्या," बायको म्हणाली. तिने हातातला कपही खाली ठेवला नव्हता.

ठीक आहे, खेळ आहे, पण माणूस निदान खोटा खोटा विचार तरी करतो. सासूबाईंनी फासा टाकला. राक्षसाने सोबत्याला कॉलरला धरून उचललं, वास घेतला आणि याचा उपयोग काय असं विचारलं. बायकोने वाचून दाखवलं, सांगितलेलं काम करणे. आणखी काय? शौर्य, लागू नाही. सासूबाईंनी परत फासा टाकला, आकडा बघितला आणि स्वतःच चकित झाल्या. राक्षसाने असा प्राणी कधी पाहिला नव्हता. खावा तर पोटाला काय होईल सांगता येत नाही, ठेवावा तर कुठे ठेवायचा. तो पार गोंधळला. आणि गोंधळलेल्याची एक पाळी जाते, हा नियम त्यांनी स्वतःच केलेला होता.

बायको ताडकन उठली. बुटकी गायिका राक्षसाच्या दोन पायांमधल्या चिंचोळ्या फटीतून सुटली, पलीकडे पोचली आणि तिने पुलाची साखळी ओढली. साडेसहा फुटांच्या बाईला तिथून जाता आलं नसतं. पूल कोसळला, सोबती काठावर पडला, राक्षस नदीत गेला, तीन वर्षांची लढाई संपली. सर टेबलाखाली ब्रेक दाबत होते, डॉक्टर सगळे दात दाखवून हसत होते, आणि माझी बायको खुर्चीवर उभी राहून दोन्ही हात वर करून नाचत होती. मला खरंच भरून आलं.

निरवानिरव सुरू झाली. बायको अ‍ॅप बंद करायला गेली, तर पडद्यावर एक प्रश्न आला. तिने तो मोठ्याने वाचला. आज केलेले सर्व बदल मागे घ्यायचे का? मूळ कॅरेक्टर परत मिळेल. नवीन सोबती कायमचा पुसला जाईल.

सासूबाई फासे गोळा करायच्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, विचार करा, आज त्याच्यामुळे जिंकलो आपण. सरांनीही मान डोलावली. बायको वळून माझ्याकडे बघत राहिली, खूप मायेने, आणि मी ट्रे बाजूला ठेवून जरा ताठ उभा राहिलो.

तिने पडद्याकडे न बघताच होचं बटण दाबलं. मेनूतलं सगळं सगळं बदललं होतं, पण ते एक मात्र तिला शोधावं लागलं नाही.