दशरथरावांच्या लॅपटॉपला नवा कारभारी

माणसाला स्वातंत्र्य मिळाले की त्याला पहिली गरज भासते ती सल्लागाराची. पारतंत्र्यात ही गरज नसते, कारण तिथे सल्ला देणारा आणि हुकूम सोडणारा एकच असतो आणि वेळ वाचतो.

हे सत्य कॉम्प्युटरलाही लागू आहे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. दुकानातून आणलेल्या लॅपटॉपात तो आधीच येऊन बसलेला असतो आणि आपण त्याच्याशी जमवून घेतो. लिनक्स नावाचा मुक्त कारभारी मात्र कोणीही फुकट आणावा, उघडून पाहावा, आपल्या मनासारखा बदलावा आणि नवं नाव देऊन वाटावा. लोकांनी तसंच केलं. त्यामुळे आज त्याची शेकडो भावंडं आहेत आणि नवशिक्याला त्यातून आपला एक निवडायचा असतो. हे काम कठीण नाही. ते कठीण होण्यासाठी आधी कोणाला तरी विचारावं लागतं.

बोरिवलीच्या इरावतीनं विचारलं.

तिला विचारावं लागलं याचं कारण असं. तिचे वडील दशरथराव गेले त्याला सव्वा वर्ष झालं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस घराण्यात गाऱ्हाण्यासाठी प्रसिद्ध होता. कोकणातल्या माणसाला देवासमोर नुसते हात जोडून चालत नाही. घरातल्या कोणीतरी पुढे होऊन खड्या आवाजात देवाला सगळी हकीकत सांगायची, मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, तेव्हा कुठे ते मागणं वर पोचतं. मुलुंडच्या घरी माघी गणपती येई, आणि दशरथरावांचं गाऱ्हाणं ऐकायला खालच्या मजल्यावरचे गुजराती शेजारीही येत. (त्यांना मालवणी येत नसे. होकार मात्र सर्वांत मोठा त्यांचाच.) गेल्या वर्षी घरात दुखवटा, म्हणून गणपती आणला नव्हता. यंदा आणायचा होता आणि गाऱ्हाणं येणारा दुसरा माणूस घराण्यात उरला नव्हता.

"ते स्वतःच घालतील," आई नलिनीबाई म्हणाल्या. "लॅपटॉपात भरून ठेवलंय त्यांनी. हेडफोन लावून बसायचे बघ."

म्हणजे आवाज होता. तो त्या लॅपटॉपात होता आणि दुसरा कुठेही नव्हता.

इरावतीनं 'मुलुंड ते मालवण' या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर ही गोष्ट सांगितली. घाटकोपरहून तिचा चुलतभाऊ सुबोध यानं ताबडतोब इशारा दिला: 'तायडे, उघडू नकोस! त्यातल्या विंडोजचा सपोर्ट संपलाय. इंटरनेट लागलं की व्हायरस घुसणार, आवाजाची वाट लागणार. आधी लिनक्स टाक.'

इरावतीला हे तत्काळ पटलं. लॅपटॉप न उघडण्याचं एखादं तांत्रिक कारण ती सव्वा वर्ष शोधतच होती.

ती दर रविवारी मुलुंडला जाई. लॅपटॉप जेवणाच्या टेबलाच्या कडेला, आईनं विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली असे. इरावती ताट त्याच्यापासून थोडं लांब ठेवी. झाकणावर कधी धूळ नसे, पण नलिनीबाईंच्या घरात कशावरच धूळ नसे, त्यामुळे या बाबीची नोंद घेण्यात आली नाही.

मग तिनं गटावर तो प्रश्न टाकला: 'नवशिक्यासाठी कुठलं लिनक्स चांगलं?'

या प्रश्नाच्या उत्तरांचा अभ्यास व्हायला हवा. गटातल्या नऊ टक्के लोकांनी लिनक्स वापरलं होतं, सतरा टक्क्यांनी ते पाहिलं होतं आणि ब्याण्णव टक्क्यांना त्याबद्दल मत होतं. (उरलेले आठ टक्के 'सुप्रभात'वाले. ते कशातच पडत नाहीत.) सुबोध उबंटू नावाच्या भावंडाच्या बाजूनं उभा राहिला, कारण त्याच्या ऑफिसात तेच होतं. अंधेरीच्या आयटी कंपनीत असलेला मावसभाऊ चैतन्य यानं उबंटूला 'शाळकरी' ठरवलं आणि आर्चची शिफारस केली. आर्चमध्ये कारभाऱ्याचे हातपाय सुटे येतात आणि ते आपणच जोडायचे असतात, त्यामुळे ज्ञान वाढतं. कोणीतरी फेडोरा म्हणालं. दोडामार्गच्या एका भाच्यानं डेबियन म्हटलं आणि पुढचे चार दिवस तो उत्तराला उत्तर देत राहिला. चेंबूरचे शिवदासकाका, म्हणजे सुबोधचे वडील, यांनी विचारलं की यात हापूससारखं भौगोलिक मानांकन मिळालेलं एखादं आहे का.

मिंटचं नावही निघालं. ते नवशिक्यांना सोपं जातं असं सर्वांनी मान्य केलं आणि नेमक्या त्याच कारणानं ते बाद झालं. सोपं तर कोणीही निवडेल, मग सल्लागारांचं काय काम?

'आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता,' असं मध्येच एकानं लिहिलं. ही सूचना पूर्णपणे व्यवहार्य असल्यानं तिच्यावर कोणी प्रतिक्रिया दिली नाही.

एका मुद्द्यावर मात्र एकमत होतं. 'काय पण टाक,' चैतन्यनं लिहिलं, 'पण मावशीला हे जमणार नाही हं. सत्तरीतल्या बाईला लिनक्स म्हणजे अशक्य.' यावर एकतीस अंगठे आले. नलिनीबाई त्या गटात होत्या. त्यांनीही अंगठा दिला.

इरावती वाचत गेली. वाचण्याची तिला लहानपणापासून सवय होती, आणि ज्या गोष्टीला हात लावायचा नसतो त्या गोष्टीवर भरपूर वाचता येतं. नवा कारभारी बसवताना एक बटण चुकलं तर जुन्याचं सामानसुमान कायमचं पुसलं जातं, हेही तिनं वाचलं. ते वाचल्यावर तिनं आणखी तीन तुलनात्मक लेख उघडले. सव्वा महिन्यात तिला इतकं ज्ञान झालं की तीच गटावर दुसऱ्या नवशिक्यांना सल्ला देऊ लागली. लॅपटॉप झाकणाखाली होता.

गणपतीच्या आदल्या रविवारी निर्णायक बैठक मुलुंडला भरली. सुबोध पेनड्राइव्ह घेऊन आला. चैतन्यही आला, त्याच्याकडे दोन होते. शिवदासकाका हात हलवत आले, पण अध्यक्ष तेच झाले. कोथिंबीर वडी संपेपर्यंत चर्चा खेळीमेळीत चालली.

"तुझं आर्च लावलं ना, तर पुढच्या गणपतीला पण हातपायच जोडत बसू आपण," सुबोध म्हणाला.

"आणि तुझं उबंटू या खटाऱ्यावर उठणारच नाही रे. बघितलंस का कधी किती जुना आहे तो?"

"तू बघितलायस?"

"नाही. पण जुना असणारच ना, यार. काकांचा होता."

इरावती झाकणाच्या जाळीतली फुलं पाहत होती.

शेवटी शिवदासकाकांनी हात वर केला. "गावाक आपण अशा वेळी काय करतो? कौल लावतो. देवाला पाकळ्या चिकटवायच्या. एक पाकळी उबंटू, एक आर्च, एक ती फेडोरा. जी आधी पडेल तिला देवाचा होकार. संपला विषय."

सूचना सर्वांना आवडली, कारण ती भांडणाऱ्या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. सुबोधनं पंखा बंद केला. चैतन्यनं दोन पाकळ्यांवर स्केचपेननं अक्षरंही काढली. मग प्रक्रियेतली एक अडचण लक्षात आली. कौल लावण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं. गाऱ्हाणं दशरथरावांखेरीज कोणाला येत नाही. दशरथरावांचं गाऱ्हाणं लॅपटॉपात आहे. लॅपटॉप नवा कारभारी बसल्याशिवाय उघडायचा नाही. कारभारी कोणता, हे कौलाशिवाय ठरणार नाही. आणि कौल गाऱ्हाण्याशिवाय लागत नाही.

सर्व जण समाधानानं खुर्च्यांत मागे टेकले. इतकी बिनचूक अडचण सरकारी कचेरीतही सहसा मिळत नाही.

"मग यंदा नुसती आरती करूया," इरावती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात नलिनीबाई चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी क्रोशाचं झाकण काढून घडी केली, लॅपटॉप पुढे ओढून ट्रे मागे ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

"मावशी!" चैतन्य ओरडला.

"काकी, व्हायरस!" सुबोध म्हणाला.

"कसला व्हायरस? रोज दुपारी उघडते मी. पत्ते खेळते." त्यांनी पासवर्ड टाइप केला. "तुम्ही त्याला काय ते नवीन बसवणार म्हणता ना, मग माझा डाव राहील बाजूला. आधी तो संपवू दे."

पडद्यावर काळी चौकट उमटली, मग हिरवा डोंगर, खाली कोपऱ्यात बटण, बटणाशेजारी पत्त्यांचं चित्र. सगळं जिथल्या तिथे. चैतन्य वाकला. त्यानं ते बटण दाबलं, एक खिडकी उघडली, वाचली, आणि तो सावकाश खुर्चीवर बसला.

"मावशी, हे मिंट आहे."

"काय आहे?"

"लिनक्स. मिंट. काकांनी केव्हाच टाकलंय. विंडोजसारखं दिसेल असं सजवलंय फक्त. तीन... तीन वर्षं झाली असतील."

"असेल," नलिनीबाई म्हणाल्या. "मला म्हणाले होते, आता हा अडकणार नाही बघ. नाही अडकला."

"पण तू सांगितलं का नाहीस गं?" इरावतीनं विचारलं.

"मला कोणी विचारलंच कुठे? गटावर तुम्ही नवशिक्यासाठी विचारत होतात." त्यांनी कपात साखर ढवळली. "मी म्हटलं, मुलं शिकतायत, शिकू दे."

"आणि बाबांचं गाऱ्हाणं? तू ऐकलंस?"

नलिनीबाईंनी डाव बंद केला. "त्यांच्या कप्प्यात मी हात घालत नाही. तो तू उघड."

आता एकही तांत्रिक कारण शिल्लक नव्हतं. इरावतीनं साडीला हात पुसले, जरी ते कोरडे होते, आणि कप्पा उघडला. आत आवाज होते. गणपतीचं गाऱ्हाणं होतं. त्याच्या वर, सर्वांत जुनं, एक होतं: 'नवो कारभारी'. तिनं तेच लावलं, कारण गणपतीचं ऐकायची तयारी व्हायला तिला थोडा वेळ हवा होता.

आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग दशरथराव आले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या जुन्या डब्यात मी नवो कारभारी बसवलंय..."

"होय म्हाराजा," शिवदासकाका म्हणाले. त्यांचे हात कधी जुळले ते त्यांनाही कळलं नाही. सुबोध उभा राहिला. चैतन्यनंही हात जोडले.

"तेची राखण कर. नलिनीक सगळा जुन्यासारखाच दिसांदे, तिका काय तरास होव नको..."

"होय म्हाराजा!"

"माझ्या चेडवाक, इरावतीक, ह्या उघडूची भीती वाटात, तेव्हा तिका धीर दी..."

हा होकार जरा मागे पडला. नलिनीबाईंनी एकटीनं दिला.

"आणि जो कोण पेनड्राइव घेवन, फुकटचो सल्लो देवक ह्या दारात येयत, तेका पोटभर चाय पाज आणि तेची बुद्धी तेच्याच घराकडे वळव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" तिघे एका सुरात, खड्या आवाजात म्हणाले, आणि मग समोरच्या कपांकडे बघत राहिले.

माघी गणपती यथासांग झाला. गाऱ्हाणं दशरथरावांनीच घातलं. गुजराती शेजाऱ्यांनी नेहमीसारखा सर्वांत मोठा होकार दिला. गटावर दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी चैतन्यनं विचारलं की मिंटची कुठली आवृत्ती आहे, जुनी असेल तर बदलायला हवी.

आता चोखंदळ वाचकाला वाटत असेल की ते आवाज एवढ्या एकाच लॅपटॉपात ठेवणं बरं नव्हे, त्यांची आणखी एक प्रत हवी, आणि ती कुठे ठेवावी हेही त्याला नेमकं ठाऊक असेल. वाचकाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्यानं फक्त चहाचा कप खाली ठेवावा, दोन्ही हात जोडावेत आणि आपल्या घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणावं: होय म्हाराजा.