वापरणाऱ्याचा अभिप्राय

हॉटेलच्या मालकाचं स्वतःबद्दल एक ठाम मत होतं. जगातलं कुठलंही काम आपल्याला कारागिराशिवाय जमतं, असं तो समजत असे. बायकोला हे मान्य नव्हतं. पण घरातले दोन नळ आणि एक पंखा त्याच्या हाताखालून जाऊन कायमचे गप्प झाले, तेव्हापासून तिने वाद घालणं सोडून दिलं होतं.

त्यामुळे नोटीस आली तेव्हा घाबरली ती बायको. मालक उलट खुशीत आला. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता, टेबलाशी बसता आणि स्वच्छतागृहात जाता आलं पाहिजे, शुक्रवारी तपासणी होईल, सोय नसेल तर परवाना पुढे चालू राहणार नाही, असं त्या कागदात होतं. म्हणजे सोमवारपासून दाराला कुलूप.

"चार दिवस आहेत," मालक म्हणाला. "मला तीन पुरतात."

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मालकाचे वडील, म्हणजे अप्पा, स्वतःच चाकांच्या खुर्चीत होते. हे हॉटेल त्यांनीच सुरू केलेलं, तीस वर्षं गल्ल्यावर तेच बसले. दोन वर्षांपूर्वी पायांतली ताकद गेली आणि दारातल्या तीन पायऱ्यांनी त्यांना बाहेरच ठेवलं. दोन-तीनदा नोकरांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं, पण गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून असं सामानासारखं जाणं अप्पांना सोसेना. तेव्हापासून ते रोज सकाळी शेजारच्या सलूनच्या दारात पेपर वाचत बसत आणि स्वतःच्या हॉटेलचा चहा फुटपाथवर पीत. दाराशी उतार करायचाय, पुढच्या महिन्यात बघू, असं मालक दर महिन्याला म्हणे, आणि अगदी मनापासून म्हणे.

नोटीस आल्यावर मात्र तो झपाटल्यासारखा कामाला लागला. पायऱ्यांची उंची दीड फूट. नियमाप्रमाणे उतार त्याच्या बारा पट लांब हवा, म्हणजे अठरा फूट. एवढी जागा होती कुठे? शेवटी उताराचं खालचं टोक सलूनच्या दारासमोर गेलं. सलूनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की माझी हरकत नाही, घसरून आलेलं गिऱ्हाईक माझं. मालकाने सिमेंट कालवलं, कठडा बसवला, एका टेबलाखालची आडवी फळी कापून गुडघ्यांना जागा केली. अप्पा पेपराच्या वरून हे सगळं बघत होते.

राहिली होती स्वच्छतागृहातली दोरी. आत कोणी अडलं तर त्याने ती ओढायची आणि बाहेर घंटा वाजायची, असा नियम. नवी घंटा आणायला मालक तयार नव्हता. हॉटेलात एक घंटा होतीच. गल्ल्यावरच्या बटणाने ती स्वयंपाकघरात वाजे आणि त्यावर अप्पांनी बसवलेली सगळी पद्धत चाले: एकदा वाजली तर चहा, दोनदा ऑम्लेट, तीनदा सूप. आचारी वीस वर्षं त्या घंटेच्या हुकमात होता. बाहेर आग लागली असती तरी तो घंटा मोजूनच उठला असता. मालकाने दोरीची तार याच घंटेला जोडली.

"आणि खरंच कोणी अडलं तर?" बायकोने विचारलं.

"कोण अडतंय? ती दाखवायला असते," मालक म्हणाला.

शुक्रवारी तपासणी बाराला होती. साडेदहाला मालकाला वाटलं, एकदा तालीम करून बघावी. त्याने अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "तुझ्या परीक्षेला मी कशाला बसू? तूच बस." मालकाने ते शब्दशः घेतलं. त्याने आणि सलूनवाल्याने धरून अप्पांना सलूनच्या खुर्चीत बसवलं, पाच मिनिटांत आणतो म्हणाला, आणि त्यांच्या खुर्चीत स्वतः बसून, चाकं फिरवत तो उतारावरून वर गेला. दम लागला, पण गेला. टेबलाशी बसला. मग स्वच्छतागृहात शिरला, दार लावलं, आणि वळायला गेला.

खुर्ची अर्धी वळली आणि अडली. पायाची पाटी बेसिनच्या नळीत गुंतली आणि मागची चाकं दाराला टेकली. दार उघडत होतं आत. तो खुर्चीतून उठला, पण उठून करणार काय? खुर्ची मध्ये, दार पलीकडे, आणि जुनी लोखंडी खुर्ची मिटेल तर शपथ. हाक मारावी, तर वर पंखा घरघरत होता. मारावी की नाही या विचारात दहा मिनिटं गेली. तेवढ्यात बाहेरून अनोळखी बाईचा आवाज आला. तपासनीस बाई तासभर आधी आल्या होत्या.

मालकाला दरदरून घाम फुटला. आता हाक मारणं म्हणजे परवान्यावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणं. त्याने हळूच दोरी ओढली, एकदाच.

बाईंसमोर चहा आला.

आपण मागवलेला नाही, असं बाई म्हणाल्या. बायकोने बटण दाबलं नव्हतं, पण तिला वाटलं, नवऱ्याने स्वयंपाकघरात सांगून ठेवलं असेल. बाईंना काही कमी पडू देऊ नकोस, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. कोणी येत नाही असं बघून मालकाने दोरी दोनदा ओढली. ऑम्लेट आलं. मग मात्र त्याचा धीर सुटला आणि तो ओढतच सुटला. आचाऱ्याने शांतपणे अकरा ठोके मोजले, हिशेब केला आणि तीन सूप, एक ऑम्लेट बाहेर पाठवलं.

बाईंनी टेबलाकडे बघितलं, मग बायकोकडे. तपासणीच्या जागी मी पाणीसुद्धा घेत नाही, असं त्या थंडपणे म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. लाच म्हणून सहा पदार्थ मांडलेले बायकोला आता स्पष्ट दिसत होते. तिच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्यात सातवा आला, आणखी एक चहा.

"स्वच्छतागृह दाखवा," बाई म्हणाल्या.

दार उघडेना. बाईंनी टकटक केली.

"आत कोणी आहे का?"

मग आवाज आला, "आहे."

"कधीपासून?"

"तुमच्या पहिल्या चहाच्या आधीपासून."

बाईंनी दाराची फट बघितली, दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं की पायाच्या पाटीला बाजूला खटका असतो, तो दाबा, पाटी वर उचलली जाते. मालकाने दाबला. पाटी उचलली गेली. खुर्ची वळली, दार उघडलं. ही खुर्ची दोन वर्षं त्याच्या घरात होती. त्या खटक्याची त्याला खबरच नव्हती. बाईंसमोर उभं राहण्यापेक्षा त्याला त्याचीच लाज जास्त वाटली.

बाई मात्र खवळल्या नाहीत. उतार चांगला आहे, टेबल ठीक आहे, दार बाहेर उघडणारं करा, घंटेला वेगळी तार द्या, त्यासाठी पंधरा दिवस घ्या, असं त्यांनी सांगितलं. मालकाच्या जिवात जीव आला. मग त्यांनी अहवालाचं शेवटचं पान उलटलं. तिथे रकाना होता: प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा अभिप्राय आणि सही. त्याशिवाय परवाना नाही.

"ही खुर्ची कोणाची?" बाईंनी विचारलं.

"अप्पांची."

"आणि अप्पा?"

मालक खुर्ची घेऊन तीरासारखा सलूनमध्ये धावला. अप्पा तासभर सलूनच्या खुर्चीत होते. उठता येत नाही म्हटल्यावर सलूनवाला तरी काय करणार? त्याने दाढी केली, केस कापले, डोक्याला मालिश केलं आणि वेळ जाईना म्हणून मिशांना काळा रंग लावला. अप्पा आरशात बघत होते, आणि आरशात मागे येऊन उभा राहिलेला मुलगा दिसला.

"चला ना अप्पा," मालक म्हणाला. "सही हवीय. तुमच्या हातात आहे सगळं."

खुर्चीत बसल्यावर अप्पांनी त्याला ढकलू दिलं नाही. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, दोनदा थांबत ते अठरा फूट चढले. ते दारात आल्यावर आचारी बाहेर आला, वीस वर्षांत पहिल्यांदाच घंटा न ऐकता, आणि डोळे पुसायला लागला. बायकोनेही पदर डोळ्यांना लावला. अप्पांचे गुडघे टेबलाखाली नीट मावले. त्यांनी एक सूप संपवलं, मग दुसरं. मालक शेजारी उभा राहून घाम पुसत होता. मग अप्पांनी पेन मागितलं, चष्मा लावला आणि रकान्यात सावकाश लिहिलं:

"उतार उत्तम आहे. चार दिवसांत होतो, हे दोन वर्षं माहीत नव्हतं."

खाली सही केली. बाईंनी वाचलं, शिक्का मारला आणि जाताना मालकाला एक नियम सांगून गेल्या. अहवालाची प्रत, अभिप्रायासकट, गिऱ्हाइकांना दिसेल अशा जागी कायम लावावी लागते.

ती आता गल्ल्याच्या वर लावलेली आहे. अप्पा तिच्याच खाली बसतात. गिऱ्हाईक पैसे देताना ती वाचतं, अप्पांकडे बघतं, मग मालकाकडे. आणि मालक सुट्टे शोधायला गल्ल्यात डोकं घालतो.