पिकअपचं नाक

आमच्या सोळा वर्षं जुन्या पिकअपचं नाक कायम खाली झुकलेलं असायचं. ते दोन इंच वर उचलायचं मी ठरवलं. शारजात गॅरेजं पैशाला पासरी, पण म्हटलं, देवाने आपल्याला हात कशाला दिलेत! पुढची चाकं काढली, नवे शॉक अब्सॉर्बर बसवले, सस्पेन्शनचे बोल्ट पिळून पिळून नाक वर आणलं.

बायको, छाया, पार्किंगमध्ये येऊन म्हणाली, "आता ही शेजाऱ्यांना ओळख दाखवणार नाही, अशी दिसतेय."

मी ते कौतुक समजलो.

शनिवारी दुपारी छाया आणि लेक अवनीला घेऊन रास अल खैमाला निघालो. हायवेवर एक पांढरी व्हॅन मागे लागली. हॉर्न, दिवे, पुन्हा हॉर्न.

"बघ, लोकांना गाडी आवडतेय," मी म्हणालो.

व्हॅन शेजारी आली. चालक हाताने काहीतरी खुणावत होता. मी अंगठा दाखवला. त्याने कपाळावर हात मारला.

"अहो, तो थांबा म्हणतोय."

"रेस लावायचीय त्याला."

मी वेग वाढवला. स्टिअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरू लागलं. "नवे पार्ट आहेत, रुळतील," मी म्हणालो.

शेवटी व्हॅन पुढे घुसली आणि हळूहळू वेग कमी करत तिने मला कडेला घ्यायला लावलं. मी तावातावाने उतरलो. "भाईसाब, प्रॉब्लेम क्या है?"

त्याने पुढच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. सहापैकी दोनच नट उरले होते, आणि तेही बोटाने फिरत होते. मला आठवलं, या चाकाचे नट पान्याने आवळणार, तेवढ्यात जेवायची हाक आली होती.

मागच्या सीटवरून अवनीने विचारलं, "बाबा, व्हाय हॅव वी स्टॉप्ड?"

"आई गं," एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

"मराठी काय?" तो म्हणाला. "मी खैरुद्दीन, दापोलीचा. इंडस्ट्रियल एरियात गॅरेज आहे माझं."

खैरुद्दीनभाईंनी बाकीच्या चाकांचा एकेक नट काढून इथे आवळला, धीम्या गतीने आम्हाला गॅरेजपर्यंत नेलं, बोल्ट सैल करून नाक पूर्ववत केलं आणि वर चहाही पाजला.

छायाचे डोळे भरून आले. "भाई, आज तिघांना वाचवलंत."

"अल्लाची मेहरबानी, वहिनी." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "भाऊ, नोकरी कसली तुमची?"

मी घाईघाईने चहाचा मोठा घोट घेतला.

"फॅक्टरीत सेफ्टी मॅनेजर आहेत," छाया म्हणाली.

खैरुद्दीनभाई हसले नाहीत. त्यांचे माझ्यावर बरेच उपकार आहेत, पण त्यातला हा सगळ्यात मोठा.