आबांचं प्रॉम्प्टिंग

नाटकातलं भांडणसुद्धा ज्याला सोसत नाही, अशा माणसाला प्रॉम्प्टर करू नये. आम्ही केला. त्याचं नाव आबा परब.

आबा लालबागला आमच्याच चाळीत राहायचे. गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. नळावर बायका हातघाईवर आल्या की आबा मधे उभे. "वाढवतंस कित्याक?" हा त्यांचा मंत्र. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभेहून परतलेला माणूस मुठी आवळूनच बोलायचा, आणि आबा त्यालाही तेच विचारायचे. बरं, या शांतिदूताच्या स्वतःच्या घरात काय? एकुलता एक दिगू पाळी सोडून मोर्चात गेला, गिरणीने कामावरून काढलं, तेव्हा हेच आबा सगळ्या चाळीदेखत त्याला "चालता हो" म्हणाले. पोरगा खरंच चालता झाला. घोडपदेवला मित्राकडे राहायला लागला. तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही.

अशात आमच्या मंडळाने संगीत नाटक बसवलं. घराघरांत पाठ असलेलं. श्रीमंत बाप मुलाला घराबाहेर काढतो, मुलगा पदं गात भटकतो, शेवटी सगळे गळ्यात गळे घालतात. बाप मी. नक्कल, म्हणजे आपापले संवाद, पाठ करायची आमच्यात पद्धत नव्हती. गिरणीतून दमून आलेल्या माणसाकडून कसलं पाठांतर होतंय? विंगेतून आबा सांगतील ते बोलायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

तालमीत माझं "चालता हो" जवळ आलं की आबांना ठसका लागायचा. दर वेळी. आम्ही आपले म्हणायचो, आबा, विडी कमी करा.

प्रयोगाच्या दिवशी मी मिशी चिकटवत होतो. आबा हळूच जवळ आले.

"दिगूक कोणी सांगितलां काय रे, नाटक आसा म्हणून?"

"मीच सांगितलंय."

"येतलो?"

"बघतो म्हणाला."

मग आबा बराच वेळ चष्मा पुसत बसले.

रविवारी दुपारी परळच्या हॉलात पडदा वर गेला. पहिल्या अंकाच्या शेवटी मी डोक्यावर पगडी चढवून, "चालता हो"साठी दाराकडे बोट रोखून उभा. विंगेकडे कान दिला, तर आबा पुस्तक सोडून प्रेक्षकांत बघताहेत. मागच्या दाराशी दिगू उभा होता. तेवढ्यात आबांचे ओठ हलले, आणि सवयीने मी गरजलो, "जेवन जा रे, झिला!"

हॉल हसून हसून लोळला. मुलाचं काम करणारा मधू माझ्याकडे बघतोय, मी आबांकडे. पेटीवाल्याने गोंधळून घर सोडतानाचं पद सुरू केलं, आणि मधू बिचारा पाटावर बसून, ताटाची वाट बघत, ताटातुटीचं पद गायला. दुसऱ्या अंकात तो रानावनात भटकायला लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अरे, जेवायला बसवलं होतं ना तुला? मग रुसलास कशाला?" तिसऱ्या अंकात मी त्याला माफ केलं, पण कशाबद्दल ते मलाही कळेना.

नाटक संपल्यावर मी पगडीसकट आबांवर धावून गेलो. बघतो तर विंगेत आबा, आणि समोर दिगू.

"नाटक बरां झालां," दिगू खाली मान घालून म्हणाला.

आबा तोंड उघडायचे आणि मिटायचे. तासन्‌तास आम्हाला शब्द पुरवणारा माणूस, त्याला आता एक शब्द सुचेना. दिगू जायला वळला. माझा राग कुठच्या कुठे गेला. फार वाईट वाटलं हो. मी आबांच्या मागे जाऊन कुजबुजलो, "म्हणा, चुकलो. घरी चल."

आबांनी घसा साफ केला. दिलेलं वाक्य जसंच्या तसं बोलतील तर ते आबा कसले.

"दिगू, तुझी आवस वाट बघता."

आईचं नाव निघताच दिगू थांबला.

"आनि तुमी?"

आबांनी वळून माझ्याकडे बघितलं. या वेळी मी काहीच सांगितलं नाही.

"मी पन," आबा म्हणाले.