जानराव अनोळखी कसे?

एका रविवारी सकाळी इंद्रभानरावांनी बायकोला मदत करायचं ठरवलं, आणि सगळं तिथून सुरू झालं. (घरातला जुना फ्रिजही असाच मदतीत गेला होता. पण तो विषय आता कोणी काढत नाही.)

सरिताबाई कामरगावजवळच्या एका खेड्यात शिक्षिका. दुसऱ्या दिवशी कामरगावला शिक्षण परिषद होती आणि आजूबाजूच्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांपुढे त्या आपल्या तिसरीच्या वर्गाचा व्हिडिओ दाखवणार होत्या. महिनाभर खपून त्यांनी तो घरच्या लॅपटॉपवर जोडला होता. पोरं आपापल्या घरच्या गोष्टी आपल्याच बोलीत सांगत होती. त्यात मंतशा नावाची एक मुलगी होती. वर्गात तिने वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, पण व्हिडिओत ती आपल्या शेळीबद्दल बोलायला लागली ती थांबायचं नाव घेईना. सरिताबाईंनी तो भाग कितीदा पाहिला असेल, आणि दर वेळी डोळे पुसले होते.

अडचण एकच होती. व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर फुकटातलं असल्यामुळे त्याचं नाव चित्रावर आडवं उमटायचं, आणि ते नेमकं मंतशाच्या कपाळावर यायचं.

"हे पुसता येत नाई का व?" इंद्रभानरावांनी विचारलं.

"त्याले विकतचं घ्या लागते. राहू द्या तसंच. तुमी हात नका लावू," असं म्हणून सरिताबाई विहारात वंदनेला गेल्या.

त्यांची पाठ वळताच इंद्रभानरावांनी साडभाऊंना, म्हणजे कामरगावच्या जानरावांना, फोन लावला. जानरावांचं मोबाइल रिचार्जचं दुकान, त्यामुळे वीज लागणारी प्रत्येक वस्तू आपल्याला समजते असा त्यांचा समज होता.

"नाव पुसाचं फुल व्हर्जन आहे माह्यापाशी," जानराव म्हणाले. "लिंक पाठवतो. डाउनलोड करा, दाबा, झालं."

इंद्रभानरावांनी डाउनलोड केलं, दाबलं, आणि सगळा पडदा निळा झाला. लॅपटॉप मराठीत म्हणाला (सरिताबाईंनी त्याला मराठी करून ठेवलं होतं), 'तुमच्या संरक्षणासाठी हा प्रोग्राम थांबवला आहे. प्रकाशक: अनोळखी.'

आता इथे इंद्रभानरावांचा स्वभाव सांगायला हवा. कारंज्यात ते सरकारी कचेरीत बाबू होते, आणि ओळख काढण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. समोर माणूस आला की पहिला प्रश्न, "तुमी कोनाकडचे?" पोहरादेवीच्या यात्रेत, एवढ्या गर्दीत, चहाच्या टपरीवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी त्यांनी कप रिकामा व्हायच्या आत सोयरीक लावली होती. कचेरीत मात्र ज्याची ओळख लागत नसे, त्याला ते एका वाक्यात परत पाठवत, "ओळखीचा मानूस घेऊन या."

अशा माणसाच्या घरात, त्याच्याच टेबलावर बसून, एक यंत्र जानरावांना अनोळखी म्हणत होतं.

"अनोळखी कसे?" इंद्रभानरावांनी पडद्याला सुनावलं. "सरिताच्या सख्ख्या बहिनीचा नवरा होय थो."

पडद्यावर याचा परिणाम झाला नाही. मग त्यांनी 'अधिक माहिती' दाबलं आणि तिथे बारीक अक्षरांत लपलेलं 'तरीही चालवा' बरोबर शोधून दाबलं. इतक्यात कोपऱ्यात दुसरी सूचना आली, 'फाइलमध्ये धोका आढळला. ती वेगळी ठेवली आहे.'

हे तर फारच झालं. साडूच्या घरून आलेली वस्तू आत घ्यायची नाही, ओट्यावर बसवून ठेवायची? मागे एका वास्तूच्या जेवणात जानरावांना दुसऱ्या पंगतीत बसवलं, तर त्यांनी पुढची दिवाळी अबोल्यात काढली होती. इंद्रभानराव सेटिंगमध्ये शिरले आणि संरक्षणाचं मुख्य बटणच त्यांनी गाठलं. लॅपटॉपने शेवटचं विचारून पाहिलं, 'बंद केल्यास तुमचं उपकरण असुरक्षित होईल. पुढे जायचं?' हाताखालच्या माणसाच्या अर्जावर सही करावी तशा रुबाबात त्यांनी 'होय' दाबलं.

मग जानरावांची फाइल पुन्हा उतरवली आणि दाबली. लगेच एक खिडकी उघडली आणि एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "बधाई हो, आप चुने गए हैं."

खिडकी बंद केली तर दोन उघडल्या. त्या बंद करेपर्यंत पडदा जाहिरातींनी भरून गेला. त्या बाजूला सारत ते कसेबसे व्हिडिओपर्यंत पोचले, तर तो उघडेना. ना मंतशा, ना तिची शेळी. उद्या सगळ्या शिक्षकांपुढे सरिता रिकाम्या हाताने उभी राहणार, आणि ते आपल्यामुळे, या विचाराने इंद्रभानरावांना खरोखर रडू यायला लागलं. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"साडभाऊ, तुमच्याकडं हे कसं चालते?"

"माह्याकडं कुठं चालते?" जानराव शांतपणे म्हणाले. "माहा कॉम्प्युटर त्याले आत घेतच नाई. अनोळखी आहे म्हनते."

"मंग मले काहून पाठवलं?"

"म्हटलं, तुमच्या ओळखी जास्त. तुमच्याकडं घुसते का पाहू."

"पन थे आलं कोनाकडून?"

"आलं होतं एका ग्रुपवर. नंबर सेव नाई."

बाहेर फाटक वाजलं. लॅपटॉप काही केल्या बंद होत नव्हता, म्हणून इंद्रभानरावांनी तो दिवाणावर उशीखाली कोंबला आणि शेजारी बसले.

"घरात कोन बाई बोलून राह्यली?" सरिताबाईंनी दारातूनच विचारलं.

"कोनी नाई."

"बधाई हो," उशी म्हणाली.

सरिताबाईंनी उशी उचलली, पडदा पाहिला. "संरक्षण कोनं बंद केलं?"

"म्या. पन इचारून केलं."

"कोनाले?"

"त्यालेच. त्यानं पुढं जाचं का इचारलं, म्या होय म्हटलं." मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "थो जानरावले अनोळखी म्हने, मले सहन नाई झालं. तुह्या पोट्ट्यायचा व्हिडिओ गेला व, सरिता."

सरिताबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिखटाच्या बरणीमागून एक पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. "कालच काढून ठेवला होता."

"पन तिखटाच्या मांगं काहून?"

"घरात तुमी हात लावत नाई, अशी तेवढीच जागा आहे."

संध्याकाळपर्यंत सरिताबाईंनी लॅपटॉप पार पुसून नव्याने लावला आणि पहारा पुन्हा बसवला. सोमवारी परिषदेत व्हिडिओ झाला. सॉफ्टवेअरचं नाव मंतशाच्या कपाळावर होतंच, पण ते कोणी वाचलं नाही. सगळे शेळीचं पुढे काय झालं ते ऐकत होते.

पुढच्या रविवारी इंद्रभानरावांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन नावं होती. वर 'सरिता, व्यवस्थापक'. खाली चेहरा नसलेलं एक करडं डोकं, आणि त्यापुढे 'पाहुणा'. त्यांनी पाहुण्यावर दाबलं आणि पडद्यावरचं चित्र तेवढं बदलू गेले, तर उत्तर आलं, 'यासाठी सरिता यांची परवानगी आवश्यक आहे.'

"सरिता," त्यांनी हाक मारली, "हा मले वयखत नाई व."

"मंग ओळखीचा मानूस घेऊन या," आतून आवाज आला.

तालुकाभर ओळखी असलेल्या इंद्रभानरावांना त्या लॅपटॉपच्या ओळखीचं एकच माणूस ठाऊक होतं, आणि ते पोळ्या टाकायच्या सोडून बाहेर यायला तयार नव्हतं.