एजंटाचा गेटपास

आमच्या ऑफिसात जाधव हवालदारांच्या घरून फोन येतो तेव्हा पलीकडे त्यांची बायको असते. मालतीकाकू विचारतात, "जेवायला येताय न्हवं?" आणि हवालदार रिसीव्हर कानाशी घट्ट धरून म्हणतात, "कोण विचारतंय?" आवाज ओळखीचा, बायको स्वतःची, तरी नाव ऐकल्याशिवाय ते उत्तर देत नाहीत. काकूही आता सरावल्या आहेत. आधी आपलं पूर्ण नाव सांगतात, मग आमटी गरम करू का ते विचारतात.

हवालदारांचं पाळण्यातलं नाव निवृत्ती. पण फौजेतली क्लार्कची नोकरी संपवून आले ते थेट आमच्या कंपनीतल्या खुर्चीत बसले, आणि नावाप्रमाणे वागायची त्यांची अजून तरी तयारी दिसत नाही. कंपनी बेदाण्याची. ऑफिस सांगलीत, बेदाणा निवडायची एक शेड तासगावला, दुसरी पलूसला. शेडवर कामाला बहुतेक बायका. त्यांचे पगार आणि त्यांची माहिती हवालदार सांभाळतात. मी काँप्युटर सांभाळते.

एकदा आमच्या एका सुपरवायझरला मुलगी द्यायची म्हणून मुलीचे मामा चौकशीला आले. मुलाला पगार किती, नोकरी कायमची आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, यंदाच्या द्राक्षांविषयी मनापासून गप्पा मारल्या आणि दारापर्यंत सोडलं. मामा खूश होऊन गेले. एसटी स्टँडवर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच कळलेलं नाही.

अशा माणसाच्या राज्यात एजंट यायचा होता.

आमच्या कामगारांचा पगार, रजा, पत्ता, बँक खातं ही सगळी माहिती पुण्याच्या एका सेवेच्या काँप्युटरवर असते. धाकट्या मालकांच्या मनात आलं, तिला एआय एजंट जोडायचा. हा एजंट म्हणजे कुणी माणूस नव्हे. बाईनं फोनवरून लिहायचं, "माझी रजा किती उरली?" आणि त्यानं माहितीत बघून तिथल्या तिथं मराठीत उत्तर द्यायचं. जोडायचं काम माझ्याकडे आलं.

हवालदारांना 'एजंट' हा शब्दच सोसेना. त्यांनी पाहिलेले एजंट एक तर जमिनीचे, नाही तर जुन्या गाड्यांचे. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ह्यो आत येणार कुठल्या गेटनं?"

मी समजावलं की सेवा आपल्याला एक किल्ली देते, ती आपण एजंटाला द्यायची, आणि त्या किल्लीनं कुठले कप्पे उघडायचे ते आपण ठरवायचं. हे त्यांना पटलं, जरा जास्तच पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एजंटाचा गेटपास करून आणला. नाव, एजंट. वडिलांचं नाव, लागू नाही. ओळख देणार, माझं नाव. 'कुठे जाण्यास परवानगी' ही जागा मात्र कोरी होती. ती मी भरल्यावर ते सही करणार होते. तोवर पास माझ्या स्क्रीनच्या कडेला सेलोटेपनं चिकटवून ते गेले.

माझ्या मनात एजंटाला दोनच कप्पे द्यायचे होते, रजा आणि पगाराची स्लिप, तेही विचारणारीचीच. पण धाकट्या मालकांकडे बाहेरची मंडळी एजंट बघायला येणार होती. त्यांच्यासमोर तो कुठल्याही प्रश्नाला अडता कामा नये, म्हणून चाचणीपुरते सगळे कप्पे उघडे ठेवा, असा हुकूम झाला. एजंटाचा नंबर दोन्ही शेडच्या फळ्यांवर लावला. हवालदारांनी पासावर सही केली नाही. चाचणी सहीविना सुरू झाली.

मग त्यांनी आपली खुर्ची माझ्या टेबलाशी आणली आणि एजंटाला येणारा प्रत्येक मेसेज वाचायला पाठ ताठ करून बसले. पहिला दिवस मजेत गेला. एका बाईनं त्याला जेवलास का म्हणून विचारलं. दुसरीनं त्याला दिवाळीच्या बोनसवरून झापलं. तो सगळ्यांशी इतक्या गोडीनं बोलत होता की हवालदारांचा संशय वाढतच गेला. म्हणाले, "लय गोड हाय गडी. ह्यो कुणालाच न्हाई म्हणत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोलता बोलता थांबले. स्क्रीनवर एका अनोळखी नंबरचा मेसेज होता. "मी सुनीताचा भाऊ, आमची आई सिरियस आहे, सुनीता हल्ली कुठल्या शेडवर असते?" एजंटानं आईला आराम पडो असं लिहून पलूसच्या शेडचा पत्ता दिला होता, सुनीताच्या खोलीचाही दिला होता, आणि तिची सुट्टी कधी होते तेही सांगितलं होतं.

सुनीता आधी तासगावच्या शेडवर होती. नवरा जीव घेईल अशी मारहाण करायचा म्हणून ती घर सोडून निघाली होती, आणि तिची पलूसला झालेली बदली हवालदारांनी गुपचूप केली होती. हे मला त्या क्षणी त्यांच्याकडून कळलं.

"आई सिरियस हाय म्हणतोय," ते म्हणाले. "खोटं हाय. नवराच हाय त्यो."

कशावरून, असं मी विचारलं. "आदी ह्याचं तोंड बंद करा," एवढंच म्हणाले. मी किल्ली रद्द केली. एजंट गप्प झाला, पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

पलूसच्या शेडवर कुणी फोन उचलेना. मशिनं चालू असली की तिथं शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. हवालदार मागं, एका हातानं सीटचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातानं फोन कानाला. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या. मी हॉर्न वाजवत होते आणि ते मागून कवायतीसारखं "दाहिने, दाहिने" करत होते. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी ते म्हणतील तिकडून स्कूटर काढत होते.

अखेर सुपरवायझरनं फोन उचलला. हवालदारांचं एकतर्फी बोलणं मला ऐकू येत होतं. त्यावरून कळलं, भाऊ म्हणवणारा गेटवर आलेला होता, आणि तिला बोलवायला माणूस आत गेला होता. हवालदार एकेक शब्द तोडून म्हणाले, "तिला आतच ठेवा. गेटला कुलूप घाला. पोलिसांना फोन करा. मी येईस्तवर कुणालाबी आत सोडू नका."

आम्ही पोचलो तेव्हा तो बंद गेटच्या गजांना धरून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊचा पुडा. बोलणं एजंटासारखंच गोड. हवालदार त्याच्या आणि गेटच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"माझी बायको हाय," तो म्हणाला. "आमच्या घरची गोष्ट हाय ही. आन् ती हितं हाय म्हणून तुमच्याच कंपनीनं सांगितलंय."

"कंपनी चुकली," हवालदार म्हणाले. "मी सांगत न्हाई."

तो आणखी थोडा वेळ गोड बोलला, मग त्याचा आवाज चढला. त्यानं त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना ढकललं. चष्मा पडला, पुडा फुटला. हवालदार चष्मा उचलायलासुद्धा वाकले नाहीत. वाकलो तर वाट मोकळी होईल, एवढंच बहुधा त्यांच्या डोक्यात होतं. पोलिसांची गाडी येऊन त्याला घेऊन गेली, तरी ते तसेच उभे होते. शेवटी मीच चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला.

खोलीचा पत्ता फुटला होता, म्हणून सुनीताला त्यांनी माधवनगरला स्वतःच्या घरी नेलं. मालतीकाकूंनी काही न विचारता तिच्यासमोर ताट ठेवलं. ती जेवत असताना काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात त्यांच्या वैशालीविषयी सांगितलं.

वैशालीनं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं होतं. हवालदार तिच्या कंपनीत गेले आणि आई सिरियस आहे म्हणून तिथल्या मुलीकडून तिचा पत्ता काढला. मग चुलतभावांना घेऊन तिच्या दारात गेले. "हात न्हाई लावला," काकू म्हणाल्या, "पर सगळ्या सोसायटीदेखत पोरीला बोलू ने ते बोलले." त्यानंतर तिनं घर बदललं, नोकरी बदलली, नंबर बदलला. हवालदारांनी पुष्कळ वाट पाहिली. बाहेरच्या खोलीत ते सुनीताला आणखी एक भाकरी घे म्हणून सांगत होते, तेही हुकूम दिल्यासारखं.

धाकट्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाहुण्यांचं येणं रद्द केलं. एजंट पुन्हा जोडला तो हवालदारांच्या अटींवर. ज्याची माहिती त्यालाच, आणि पत्ता कुणालाच नाही. सुनीताची सोय दुसरीकडे झाली. कुठे, ते मला माहीत नाही.

एका दुपारी मी धीर करून हवालदारांना म्हटलं की त्या पुण्याच्या सेवेत अनेक कंपन्यांची माहिती असते, माझी एक मैत्रीण तिथं कामाला आहे, वैशाली कुठे असते ते कदाचित कळू शकेल.

"नगं," ते म्हणाले. "तिनं सांगितलं न्हाई, म्हंजे तिला सांगायचं न्हाई."

मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, एजंटाला एका माणसापुरती वेगळी परवानगी देता येते का. स्वतःपुरती. त्यांचा फोन, घरचा पत्ता, कुणीही मागितला तर त्यानं लगेच द्यावा, नावगाव न विचारता. मी लिहून दिलं. उत्तर नीट येतं का ते त्यांनी स्वतःच्या फोनवरून तपासलं, ओठ हलवत पूर्ण वाचलं, आणि फोन माझ्यापुढे धरला.

"हितं 'मेडिकलच्या मागं' लिवलंय तुमी. बरोबर हाय. पर ती गेली तवा तितं पिठाची गिरण हुती. दोन्ही लिवा, मॅडम."