डोमाभाऊंचा गोल

चांद्यात एखाद्या पाटीवरचा 'व' गरगरीत गोल, ठरल्या मापाचा आणि वेलबुट्टीशिवाय दिसला की समजावं, पाटी डोमाभाऊंची. बाकीचे पेंटर बोरूच्या वळणाने अक्षर काढत, कुठे जाड, कुठे बारीक. डोमाभाऊ पट्टीने सरळ दांडी मारत, तिला गोल चिकटवत आणि रेघ सगळीकडे सारखी जाड ठेवत. गोल कशाने काढतात ते मात्र दिसू देत नसत, पाठ करून बसत. एका मिठाईवाल्याने अक्षरांना नक्षीदार शेपट्या मागितल्या, तर म्हणाले, "अक्षर आहे, माकड नाई."

मी तेव्हा पत्रकं काढून गावोगाव वाटायचो. मला त्या अक्षरांत समता दिसे. एकाही रेघेला दुसरीपेक्षा जास्त मान नाही! हे मी त्यांना आवेशाने सांगितलं.

"असन बाप्पा," ते म्हणाले, "पण बाजूले सरक. उजेड अडवून राह्यला."

उन्हाळा सरता सरता आम्ही भामरागडला वाचनालय काढलं. पावसात तिकडची वाट बंद होते, त्याआधी पाटी पोचायला हवी होती. मी म्हटलं, "डोमाभाऊ, अक्षरं हातभर काढा. नदीपलीकडून दिसली पाहिजेत."

"नाई होत. गोल एवढाच."

"काऊन पण?"

"मोठा पाह्यजे त दुसऱ्याकडे जा."

दुसऱ्याकडे असं अक्षर असतं तर गेलोच असतो. तयार पाटी घेऊन मी निघालो, तेव्हा डोमाभाऊ दुकानाबाहेर आले. "पाटी उंच नोको लावू. हात पुरला पाह्यजे."

भामरागडला मी पाटी छातीच्या उंचीवर ठोकली आणि अक्षरांतल्या समतेवर भाषण सुरू केलं. गर्दीतून एक बाई सरळ पुढे आली. हातातली पितळी बांगडी काढून तिने 'वाचनालय'मधल्या 'व'वर टेकवली. तंतोतंत बसली.

"बाई, वाचता येते काय?" मी विचारलं.

"नाई. मी कौशी, डोमा पेंटरची पोरगी, इथं देलेली. जोडीतली दुसरी बांगडी बाबाजवळ आहे." मग तिने दांडीवरून बोट वरून खाली फिरवलं, अगदी सावकाश. "रेघ कुठी कापली नाई. हात नाई थरथरत अजून बाबाचा."

तिने बांगडी पुन्हा हातात चढवली.

"आता येऊ दे पाऊस," ती म्हणाली.